दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

माझ्या सुनेच्या रुखवतात रेकॉर्ड प्लेअर होता. मांडवातल्या बायकांनी शेवया-लाडवांची ताटं सोडून त्याच्याभोवतीच गर्दी केली. निळी, झाकणाची पेटी. वीज असली तर विजेवर, नसली तर बॅटरीवर चालायची. सुनेचे वडील शिरूरला पोस्टात होते. लेकीला गाण्याचा नाद, म्हणून त्यांनी लोखंडी कपाटाऐवजी ही पेटी दिली. मला काही ते पटलं नव्हतं. कपाट तीस वर्षं टिकतं.

पेटीसोबत रेकॉर्ड एकच होती. पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या चार पोरांनी आणि एका पोरीनं मिळून ती काढली होती, आणि त्या चारांतला एक सुनेचा भाऊ. दोन्ही बाजूंची मिळून दहा गाणी. त्यातलं एकही सिनेमातलं नव्हतं, एकही कधी रेडिओला लागलं नव्हतं, आणि रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव दौंडात कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी पंचावन्न वर्षं ओलांडली होती. दौंड स्टेशनात कॅरेज फिटर होतो आणि रेल्वे कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक चाकाला एक ठोका द्यायचा, हे माझं काम. धड चाक ठणठणीत वाजतं आणि नाद मागे थोडा वेळ रेंगाळतो. चीर गेलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. तसं वाजलं की तो डबा गाडीतून काढायचा. आम्ही त्याला सिक करणं म्हणायचो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. तीस वर्षं हे काम केल्यामुळे मला माझ्या कानांची चांगलीच मिजास होती.

गाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. तरुणपणी मी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत होतो. जयंतीच्या दिवसांत आम्ही भांडगावपासून पार शिरूरपर्यंत गावोगाव गायचो. ढोलकी, बाजाची पेटी, झांजा, आणि छाती फुटेस्तोवर वर चढवलेला आवाज. आमच्या गाण्यात प्रत्येक ओळीला काम होतं. पोरं शाळेत घाला, दारू सोडा, हक्काचं पाणी मागा, मान खाली घालू नका. गाणं संपल्यावर ऐकणाऱ्यानं काहीतरी करायला उठलं पाहिजे, असं आमचे मास्तर सांगायचे, आणि मला ते शंभर टक्के पटलेलं होतं.

आणि आता ही रेकॉर्ड. पहिलं गाणं सायकलच्या पंक्चरवर. दुसरं उतू गेलेल्या चहावर. तिसऱ्यात एक पोरगी घरभर आपला चष्मा शोधत फिरते. गिटार टुणटुणतेय, कुणी टाळ्या वाजवतंय, मध्येच कुणी शीळ घालतंय. एकालाही कसलं दुःख नाही.

"पंक्चर काढायचं सोडून गानं म्हनत बसल्यात," मी बायकोला म्हणालो.

"तुम्हाला कुणी ऐकाय बसवलंय?" ती म्हणाली. तिला पहिल्या दिवसापासून ती गाणी आवडली होती, आणि सून तर त्याहून जास्त आवडली होती.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी सोडून दिलं. पण नऊ दिवस संपले, महिना संपला, गाणी काही संपेनात. माझ्यासमोर मात्र ती कधीच वाजत नसत. सासरा घरात आला की सुनेनं पदर सावरायचा, आवाज बंद ठेवायचा, समोर बसायचं नाही. आम्ही नवा धम्म घेतला, जुनं पुष्कळ टाकून दिलं, पण ही रीत टाकायची कुणाला आठवणच झाली नव्हती. माझे बूट अंगणात वाजले की सून सुई उचलायची. गाणं जिथं असेल तिथं तुटायचं आणि ती चहाला आधण ठेवायला पळायची.

याचा परिणाम असा झाला की मला प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि मधला भाग येऊ लागला, शेवट एकाचाही माहीत नाही. अर्धवट गाणं फार वाईट. आवडतं गाणं अर्धं राहिलं तर माणूस ते विसरून जातो, नावडतं राहिलं तर ते दातात अडकल्यासारखं दिवसभर छळतं. चहा उतू गेल्यावर पुढं काय झालं? पंक्चरवाला सापडला की नाही? मला काय त्याचं, असं मी स्वतःला बजावायचो आणि हातोडी उचलायचो.

मग मी अंगणातल्या नळावर जरा जास्त वेळ काढू लागलो. बूट फाटकातच हातात घ्यायचे, अनवाणी नळापाशी यायचं आणि पाय धुवायचे. तोवर आत गाणं चालू. एकदा पंक्चरचं गाणं असं जवळजवळ शेवटाला आलं होतं, तेवढ्यात बायको दारात आली.

"अवं, पाय धुताय का धुनं? कातडं निघंल की!"

आतली सुई उचलली गेली. त्या दिवशी चहा घेताना मी बायकोशी एक शब्द बोललो नाही.

कामावर माझा एक जोडीदार होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गाडीच्या एका बाजूनं मी चालायचो, दुसऱ्या बाजूनं तो. एकदा शेवटच्या डब्यापाशी भेटल्यावर तो हसायलाच लागला.

"आप्पा, आज चाकं तपासताय का नाचवताय? ठोका कसा ठेक्यात पडतोय!"

माझ्या लक्षात आलं, मी पंक्चरच्या गाण्यावर चाललो होतो.

पुढच्याच आठवड्यात मी हार मानली. दुपारी घरी आलो, उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि सुनेनं सुई उचलली. चष्म्याचं गाणं होतं. पोरीनं कपाट बघितलं होतं, माठाच्या मागं बघितलं होतं, आता ती आरशापुढं येत होती. मला राहवलं नाही.

"लाव की गं," मी म्हणालो. "तिला चष्मा घावू तरी दे."

सून पदराचं टोक दातात धरून उभी राहिली. बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. सुनेनं हळूच सुई खाली ठेवली. चष्मा पोरीच्या डोक्यावरच होता, हे मला आधीच ओळखता यायला हवं होतं, पण मी खरोखर हसलो.

त्यानंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी पेटी माझ्यासमोर लागायला लागली. मी बाजेवर, बायको दारात तांदूळ निवडत, आणि सून आधी भिंतीला टेकून उभी, मग एक दिवस पाटावर बसलेली. बस म्हणून मीच सांगितलं. पहिल्या बाजूची पाच, मग तबकडी उलटायची, मग दुसऱ्या बाजूची पाच. मी खोड्या काढायचो. याला सूर नाही, त्याला ताल नाही, हा शीळ घालणारा बहुतेक उपाशी आहे. सून खाली बघून हसायची. हळूहळू ती उत्तरंही द्यायला लागली.

"पन ह्यात मागनी काय हाय?" मी एकदा विचारलं. "गान्यानं मानसाला काय करायला सांगितलं?"

"काय बी न्हाई, मामा," ती म्हणाली. "नुसतं बरं वाटायला हाय."

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत राहिलो. आम्ही जी गाणी गायलो ती गायलाच हवी होती, त्यात मला आजही तिळमात्र शंका नाही. पण नुसतं बरं वाटायला आम्ही कधी गायलो होतो? आम्हाला तेवढी सवडच नव्हती. आमच्यासारख्याच घरांतून शिकून पुढं गेलेली ही पोरं आता सायकलच्या पंक्चरवर गात होती. त्यांना मान वर करा असं गाण्यातून सांगावं लागत नव्हतं, ती वरच होती. मला त्या पोरांचा एकदम अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही वाटला.

सगळ्यात आवडलं ते दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. रविवारची संध्याकाळ, नदीच्या काठावर पाच जण बसलेले. दर कडव्याला कुणीतरी म्हणतं, निघू या, आणि उठत कुणीच नाही. शेवटी गिटार थांबते, टाळ्या थांबतात, सगळं एकदम गप्प होतं. चार श्वासांएवढी ती शांतता, आणि मग पाचही जण एका आवाजात म्हणतात, निघू या. त्या शांततेच्या वेळी सून एक बोट वर करून ते चारदा हलवायची. ती वेळ मोजते असं मला वाटायचं.

एका रविवारी गाणं संपल्यावर मी म्हणालो, "ह्या पोरांना मी लई नावं ठेवली. पन एक गोष्ट मानली. शेवटी जे गप बसत्यात ना, ते कुनाला बी जमत न्हाई. आमच्या पार्टीत एवढा दम कुनी धरला नसता."

सून चमकली. "गप कुठं, मामा? तिथंच तर माझा भाऊ वाजवतो. पोलादाची तिकोनी सळई असती, तिच्यावर दांडी मारतो. चारदा. त्याचं एकट्याचं तेवढंच हाय सगळ्या रेकॉर्डीत."

"पुन्यांदा लाव," मी म्हणालो.

तिनं सुई मागे ठेवली. मी पेटीजवळ जाऊन कान लावला. गिटार थांबली, टाळ्या थांबल्या. तिचं बोट वर गेलं आणि चारदा हललं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. निघू या, पोरं म्हणाली.

"हां, हां," मी म्हणालो. "आलं की. बारीक हाय जरा."

मी तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो होतो आणि ते तिला कळलं होतं. ती तबकडी पुसायला लागली. पोलादावर पोलादाचा ठोका. तीस वर्षं मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कामावर गेलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण गेलो. मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? पेटीचा आवाज खराब असेल. चाक मोठं असतं, सळई बारीक असते. कानाला कमी आलं तरी हाताला कळतं, दांड्यातून ठोका मनगटापर्यंत येतो. शिवाय पलीकडून जोडीदार असतोच. मात्र तो त्याच्या बाजूची चाकं बघायचा आणि मी माझ्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. सगळ्या कॉलनीत ज्याच्या कानांचा बोलबाला, त्यानं साहेबांसमोर जाऊन मी बहिरा होतोय असं सांगायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. घरी सून पेटी लावायची, पण शेवटचं गाणं आलं की आता बोट वर करायची नाही.

त्याच दिवसांत पुण्याहून पत्र आलं. तिच्या भावाच्या मंडळींचा कॉलेजात कार्यक्रम होता. जाऊ का, म्हणून तिनं बायकोकडून विचारवलं. दोन महिन्यांपूर्वी मी नाहीच म्हणालो असतो. आता मी मुलाला बोलावून सांगितलं की रजा टाक आणि तिला घेऊन जा.

"तुम्ही बी चला की, मामा," सून म्हणाली.

"माझी ड्यूटी हाय," मी म्हणालो.

सकाळची पुण्याची पॅसेंजर. मुलगा आणि सून इंजिनापासून तिसऱ्या डब्यात बसले. ती खिडकीशी होती. मी इंजिनाकडून सुरुवात केली होती. पहिला डबा, दुसरा डबा, ठोके देत आलो. तिसऱ्याच्या पहिल्या चाकाला ठोका दिला आणि माझा हात तिथंच राहिला. कानाला आलं ते नुसतं ठक्. मागे रेंगाळणारा नाद नव्हता. पुन्हा मारला. ठक्. दुसऱ्या चाकाला मारला. तसंच ठक्. चाक धड असलं तरी मला ठक् ऐकू येणार होतं आणि चिरलेलं असलं तरी ठक्च. मी वर बघितलं. सून खिडकीचा गज धरून माझ्याकडं बघत होती. तिनं हाक मारली नाही, हसलीही नाही.

इंजिन भसाभसा वाफ सोडत होतं. मी डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडं ओरडलो, "इकडं ये! माझ्या बाजूची चाकं तू बघ!"

"का वं, आप्पा?"

"मला ऐकू येत न्हाई!"

"काय?" जोडीदार म्हणाला. वाफेत त्यालाही ऐकू येत नव्हतं.

"मला ऐकू येत न्हाई!" मी सगळा जोर लावून ओरडलो, आणि नेमकी त्याच वेळी वाफ थांबली. सगळ्या फलाटाला ऐकू गेलं. चहावाला किटली घेऊन वळून बघायला लागला. जोडीदार धावत या बाजूला आला.

"तिसऱ्या डब्याची बघू?" त्यानं विचारलं.

तोंडात व्हय आलं होतं. तिसऱ्याची म्हणजे माझ्या घरच्यांची. पण पहिल्या दोन डब्यांतही माणसं बसली होती, आणि त्यांच्या चाकांना मी नुसते ठोके देऊन पुढं आलो होतो. आणि अकरा दिवसांतल्या सगळ्या गाड्या? त्यातली माणसं कुणाची होती?

"इंजिनापासून बघ," मी म्हणालो. "समदी."

गाडीला उशीर झाला. चाकं सगळी धड निघाली. गाडी गेल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेलो, हातोडी त्यांच्या टेबलाला टेकवून ठेवली आणि सांगितलं. साहेब तडकणार याची माझी तयारी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"मला कळून अकरा दिस झालं," मी म्हणालो. "कानाला कवापासनं, ते मला सांगता येत न्हाई. पन हे अकरा दिस माझी चूक हाय."

साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं. मग त्यांनी अकरा दिवसांतले जे डबे हाती लागतील ते पुन्हा तपासायला लावले, आणि मला रेल्वेच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी माझ्या पाठीमागं उभं राहून काही आकडे पुटपुटले. मला एकही सांगता आला नाही. समोरचं बोलणं येतं, पण बारीक, उंच नाद तुमच्या कानांना येईनासे झालेत, असं ते म्हणाले. यार्डातलं माझं काम तिथंच संपलं. पुढची वर्षं मी स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट आणि ब्रेकचे ठोकळे देत असे. सुरुवातीचे काही महिने फार वाईट गेले. मित्र मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, ते तर मला अजिबात सहन व्हायचं नाही.

मुलगा आणि सून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून परत आले. मुलाला स्टेशनातच सगळं कळलं होतं. तो माझ्याजवळ थोडा वेळ बसला आणि पाय धुवायला नळावर गेला. सून कार्यक्रमाबद्दल सांगत राहिली. हॉल भरला होता, चष्म्याचं गाणं दोनदा म्हणायला लावलं, भावाचे चारही ठोके नीट पडले. मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तो तिलाच विचारायचा होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "मला ऐकू येत न्हाई, हे त्या समद्या गाडीत तुला एकटीला ठाऊक होतं. तरी तू कशी गं बसलीस?"

तिनं पदर नीट केला. मला वाटलं ती म्हणेल, तुमच्यावर भरवसा होता, मामा.

"मी चाकाकडं बघतच नव्हते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही तसंच पुढं गेला असता ना, तर मी उतरनार होते. ह्यांना बी उतरवनार होते."

दारात बसलेल्या बायकोचा तांदूळ निवडणारा हात थांबला. आमच्या घरात सून सासऱ्याला असं कधी बोलली नव्हती.

"मग काय केलं असतंस?" मी विचारलं.

"साहेबाला सांगितलं असतं."

ही पोरगी माझ्या घरात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि माझ्याशी बोलताना तिनं एकदाही माझ्याकडं सरळ बघितलं नव्हतं. आता ती सरळ बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं केलं असतंस," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.